अर्थजाळं कसं बांधायचं: घाटेअळी, ज्वारी आणि प्रत्येक रेषेचा हिशेब

सिमँटिक नेटवर्क, म्हणजे अर्थजाळं: वस्तूंचे गोल आणि त्यांना जोडणाऱ्या, नाव दिलेल्या रेषा, ज्यांवरून कॉम्प्युटर निष्कर्ष काढतो. ते शिकायला घेतलेली पोरं प्रोजेक्टच्या दिवसांत चार्ट पेपरची गुंडाळी काखेत मारून येतात. गोल, बाण, चार रंगांची स्केचपेनं. मी त्यातल्या एका बाणावर बोट ठेवतो आणि विचारतो, "याचा अर्थ काय?" उत्तर ठरलेलं: "सर, संबंध आहे." संबंध तर सगळ्याचा सगळ्याशी असतो. तेवढ्यावर कॉम्प्युटरला एकही निष्कर्ष काढता येत नाही.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. आधी चित्र, मग शब्द, आणि प्रश्न शेवटच्या रात्री. खाली तोच क्रम उलटा करून दिला आहे. उदाहरणं आपल्याकडच्या वावरातली घेतली आहेत, कारण त्यातलं चुकलेलं उत्तर घरचा कुणीही शेतकरी लगेच पकडतो. परीक्षक कदाचित पकडणार नाही.

तयारी: वही, शीट आणि एक जाणकार माणूस

पहिल्या आठवड्यात कुठलंही सॉफ्टवेअर उघडू नका. प्रोटेजे (अशी जाळी बांधायचं सॉफ्टवेअर) असो नाहीतर पायथनची लायब्ररी, तिथं बटणं शिकण्यात वेळ जातो आणि आशय तसाच राहतो. एक दोनशेपानी वही घ्या. स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करा: डावा नोड (म्हणजे चित्रातला गोल), रेष, उजवा नोड, आणि ही माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना सगळे गाळतात. महिन्याभरानं एखादी ओळ खोटी निघाली की ती कुणाच्या सांगण्यावरून घातली होती हे शोधत बसावं लागतं.

विषय लहान ठेवा. "शेती" हा विषय नव्हे. "कोरडवाहू खरीप-रब्बी पिकं आणि त्यांच्या अळ्या" हा विषय आहे. तीस-चाळीस नोड पुरेत. आणि ज्याला विषय खरंच कळतो असं एक माणूस हाताशी हवं. आमच्या एका गटानं एकीच्या आजीला बसवलं होतं. तिनं पहिल्या तासात अकरा ओळी खोडायला लावल्या.

टप्पा १: आधी प्रश्न लिहा, उत्तरांसकट

वहीच्या पहिल्या पानावर दहा-बारा प्रश्न लिहा आणि समोर बरोबर उत्तर हातानं लिहा. उदाहरणार्थ:

- तुरीची काढणी कधी?
- हरभऱ्याला बीजप्रक्रियेत रायझोबियम (मुळांवर गाठी करणारा जिवाणू) लावावं का? सोयाबीनसाठी आणलेली थैली चालेल का?
- गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात कोणता ल्युअर (नर पतंगाला ओढणारी वासाची गोळी) लावायचा?
- तुरीवरची आणि हरभऱ्यावरची अळी एकच का?

यातले निदान निम्मे प्रश्न असे हवेत की ज्यांचं उत्तर कुठल्याही एका ओळीत लिहिलेलं नसेल. दोन-तीन ओळी जोडूनच ते निघेल. तसे प्रश्नच नसतील तर तुम्हाला जाळ्याची गरज नाही, साधी यादी पुरेल.

तपासा: प्रश्न वाचून दाखवल्यावर जाणकार माणूस "हे कोण कशाला विचारेल?" असं म्हणाला, तर तो प्रश्न काढा.

टप्पा २: शब्द गोळा करा, मग शब्दांतून वस्तू सोडवा

सगळ्यात जास्त जाळी इथंच बिघडतात, म्हणून या टप्प्याला घाई करू नका.

नोड म्हणजे शब्द नव्हे. शब्द ज्या गोष्टीला लावला जातो ती गोष्ट म्हणजे नोड. आता हे बघा. हरभऱ्यावर पडते ती घाटेअळी. तुरीवर पडते तिला शेंगा पोखरणारी अळी म्हणतात. कापसावर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी. नावं तीन, कीड एकच: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. आणि याच्या उलट, गुलाबी बोंडअळीच्या नावात "बोंडअळी" असली तरी ती वेगळी कीड आहे, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला.

माझ्या स्वतःच्या पहिल्या जाळ्यात मी "बोंडअळी" असा एकच गोल काढला होता. हिरवी आणि गुलाबी दोन्ही त्यात. त्या गोलाला "सापळ्यात हेलील्युअर" अशी रेष जोडलेली. जाळ्यानं गुलाबी बोंडअळीसाठी हेलील्युअर सुचवला. हेलील्युअर हेलिकोव्हर्पाच्या नर पतंगांना ओढतो. गुलाबीला गॉसिप्ल्युअर लागतो. म्हणजे सापळा रिकामा, शेतकरी निर्धास्त, आणि अळी बोंडात. तर्क अगदी बरोबर चालला होता. गोल चुकला होता.

दुसरीकडे घाटेअळी आणि शेंगा पोखरणारी अळी असे दोन गोल मी ठेवले होते. त्यामुळे तुरीवरची कीड शेजारच्या हरभऱ्यावरही येऊ शकते, हा साधा निष्कर्ष निघेना. एक गोल दोघांचा केला आणि एका गोलाचे दोन केले. दोन्ही चुका एकाच संध्याकाळच्या.

मग सोडवायचं कसं? प्रत्येक शब्दाला तीन वाक्यांत घाला. "तूर फुलोऱ्यात आली." "तूर क्विंटलवर विकली." "तूर शिजली नाही." पहिलीत झाड आहे, दुसरीत दाणा, तिसरीत डाळ. तीन नोड. "फवारणी करा" हे झाडाला लागतं, "भाव" दाण्याला. एकाच गोलात ठेवलंत तर जाळं एखाद्या दिवशी शिजलेल्या वरणावर फवारणी सुचवेल.

शब्द टाकून द्यायचे नाहीत. त्यांच्यासाठी "म्हणतात" अशी वेगळी रेष ठेवा: हेलिकोव्हर्पा → म्हणतात → घाटेअळी, आणि बाजूला "हरभऱ्यावर असताना" अशी नोंद. जोंधळा आणि ज्वारी अशी एकाच वस्तूची नावंही इथंच लागतात.

इशारा: देवनागरीत टाइप करणाऱ्यांसाठी खास. "हरभऱ्यावर" यातलं ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतं. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, कॉम्प्युटरला वेगळी. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही, म्हणजे सारखी अक्षरं एकाच रूपात आणण्याची सोय, सगळे फरक मिटवत नाही. "सोयाबीन" आणि "सोयाबिन", किंवा शब्दामागं राहिलेली रिकामी जागा, यांचंही तेच. म्हणून प्रत्येक नोडला आकडा द्या, ४१, ४२ असा, आणि जोडण्या आकड्यांनीच करा. नाव फक्त दाखवण्यापुरतं.

टप्पा ३: रेषांची वही

आता नोड बाजूला ठेवा. वहीचं नवं पान उघडा आणि तुम्ही वापरणार त्या प्रत्येक रेषेसाठी पाच गोष्टी लिहा: अर्थ एका वाक्यात, डावीकडं काय चालतं, उजवीकडं काय चालतं, साखळी पुढं चालते का (पहिल्याचं दुसऱ्याशी आणि दुसऱ्याचं तिसऱ्याशी हे नातं असेल तर पहिल्याचं तिसऱ्याशीही असतं का), आणि गुण वारशानं उतरतात का.

माझ्या वहीतलं पान साधारण असं आहे.

"प्रकार आहे": दोन्हीकडं वर्ग. सोयाबीन → प्रकार → शेंगवर्गीय पीक. साखळी चालते. वरच्याचे गुण खाली उतरतात.

"नग आहे": डावीकडं एकच ठरावीक वस्तू, उजवीकडं वर्ग. गट नंबर अमुकमधली यंदाची तूर → नग → तूर. एक पायरी नगाची, तिथून पुढं प्रकाराच्या पायऱ्या. नगाला नग नसतो.

"भाग आहे": बोंड → भाग → कपाशीचं झाड, नांदेड → भाग → मराठवाडा → भाग → महाराष्ट्र. साखळी चालते, पण गुण उतरत नाहीत. झाड पाच फूट उंच आहे म्हणून बोंड पाच फूट होत नाही. पोरं "प्रकार"साठीचा प्रोग्राम "भाग"लाही लावतात आणि नेमकं हेच होतं.

"कीड येते": डावीकडं कीड, उजवीकडं पीक. अर्थ: ही कीड या पिकावर येऊ शकते. आज, या वावरात आहे असा अर्थ नाही. हे एक वाक्य लिहिलं नाही तर जाळं ऐन उन्हाळ्यात फवारणी सांगत बसतं.

"संबंधित", "आहे", "असतं" अशा रेषा वहीत येऊ देऊ नका. "आहे" तर सगळ्यात घातक. "नांदेड जिल्हा आहे", "तूर कडधान्य आहे", "तूर पिवळी आहे": मराठीत तिन्हीकडं एकच क्रियापद, जाळ्यात तीन वेगळ्या रेषा. मातृभाषेत विचार करताना ही चूक कळतसुद्धा नाही, म्हणून जास्त सांभाळायची.

तपासा: रेषेचं नाव झाका, फक्त अर्थाचं वाक्य मित्राला वाचून दाखवा, आणि त्याला दोन नवी उदाहरणं द्यायला सांगा. त्याची उदाहरणं तुम्हाला खटकली तर वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा ४: उतरंड लावा

आता "प्रकार आहे" एवढीच रेष वापरून शिडी लावा. बाकी काही जोडू नका.

पहिला अडथळा ज्वारीचा. मराठवाड्यातलं कुणीही पटकन म्हणतं, ज्वारी → प्रकार → रब्बी पीक. आपल्याकडं शाळूच डोळ्यासमोर असतो. पण ज्वारी खरिपातही होते. मग कुणीतरी ज्वारीला दोन्हीकडं जोडतं, आणि जाळं सांगतं की प्रत्येक ज्वारी जून-जुलैतही पेरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातही. उत्तर साधं आहे: ज्वारीचा गोल फक्त तृणधान्याखाली ठेवा. तिच्याखाली खरीप ज्वारी आणि रब्बी ज्वारी असे दोन गोल करा, आणि हंगामाची रेष त्या दोघांपासून काढा. "शाळू" हा शब्द रब्बी ज्वारीला "म्हणतात"नं जोडा.

एका गोलाला दोन बाप, म्हणजे वर दोन वर्ग, असणं ही चूक नव्हे. सोयाबीन शेंगवर्गीय आहे आणि तेलबियांतही मोडतं. दोन्ही रेषा ठेवा. एकीतून मुळांवरच्या गाठी मिळतात, दुसरीतून तेल गाळण्याची माहिती. दोन बापांचे गुण एकमेकांशी भांडतात तेव्हाच थांबायचं. तेव्हा जाळ्यानं स्वतःच्या मनानं एक बाजू घेऊ नये. त्या नोडवर उत्तर हातानं लिहावं, नाहीतर "दोन मतं आहेत" असं सांगावं.

दुसरा अडथळा वाणाचा. बीडीएन ७११ हा बदनापूरच्या संशोधन केंद्राचा तुरीचा वाण. तो तुरीचा प्रकार की नग? तुरीचा तो प्रकार, कारण त्याचीही हजारो झाडं असतात. पण "वाण" या वर्गाचा तो नग. एकाच गोलापासून दोन वेगळ्या रेषा, दोन वेगळ्या गोलांकडं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची चूक होत नाही: "तुरीचे अनेक वाण आहेत" हा गुण तूर या वर्गाचा आहे, तिच्या प्रत्येक प्रकाराचा नाही. तो वारशानं खाली गेला तर बीडीएन ७११चेही अनेक वाण निघतील. मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत म्हणून नांदेडात आठ जिल्हे निघावेत, तसंच.

तपासा: शिडीतली प्रत्येक पायरी "प्रत्येक ___ हे ___ असतंच" या वाक्यात घालून मोठ्यानं वाचा. "प्रत्येक ज्वारी हे रब्बी पीक असतंच." कानालाच चूक कळते.

टप्पा ५: गुण कुठल्या पायरीवर टांगायचा

नियम एक: गुण शक्य तितक्या वर टांगा, पण जिथं तो खरा राहतो तिथपर्यंतच.

रायझोबियमचं बघा. "बीजप्रक्रियेत रायझोबियम लावा" हा गुण शेंगवर्गीय पिकावर टांगता येतो. सोयाबीन, तूर, हरभरा सगळ्यांना तो उतरतो. पण कोणतं रायझोबियम, हे वर टांगता येत नाही. सोयाबीनचा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. दुकानात थैलीवर पिकाचं नाव छापलेलं असतं ते त्यासाठीच. म्हणजे "लावा" वरच्या पायरीवर, "कोणतं" खालच्या. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचे दोन्ही अर्धे यातून सुटतात.

आता अपवाद. "खरीप पीक → काढणी → दसरा-दिवाळी" असं वर टांगलं. सोयाबीनला बसलं. तूर पेरतात जूनमध्येच, पण निघते डिसेंबर-जानेवारीत. म्हणून तुरीवर स्वतःचा काढणीचा गुण लिहिला, आणि नियम ठेवला की जवळचा गुण लांबच्या गुणाला झाकतो. चाललं. मग मूग आणि उडीद आले, ते दसऱ्याच्या आधीच निघतात. मग कापूस, ज्याच्या वेचण्या पुढं कितीतरी दिवस चालतात. मूठभर पिकांत चार अपवाद झाल्यावर मी पोरांना म्हटलं, नियमच उतरवा. अपवाद निम्म्यावर गेले की तो गुण त्या पायरीचा नव्हताच. काढणी एकेका पिकावर लिहा. खरीप पिकावर फक्त पेरणी, जून-जुलै, राहू द्या.

इशारा: पुढं प्रोटेजेत जाणार असाल तर ध्यानात ठेवा, तिथल्या ओडब्ल्यूएल या ज्ञान मांडायच्या भाषेत "एरवी असं, पण इथं तसं" चालत नाही. वरचा नियम खाली मोडलात तर तर्कयंत्र त्या वर्गाला विसंगत ठरवतं. तिथं अपवाद वेगळा वर्ग करूनच मांडावा लागतो.

टप्पा ६: दोन टोकांत न मावणारी माहिती

रेषेला दोनच टोकं. "तुरीसोबत सोयाबीनचं आंतरपीक, चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर" हे कसं जोडणार? ४:२ हा आकडा ना तुरीचा गुण, ना सोयाबीनचा. अशा वेळी व्यवहारालाच गोल करा: "आंतरपीक पद्धत १", त्यापासून तीन रेषा: एक पीक, दुसरं पीक, ओळींचं प्रमाण. पेरणी, फवारणी, विक्री यांचंही तेच.

काळही असाच मांडायचा. "हिंगोली → भाग → परभणी जिल्हा" ही ओळ १९९९ सालापर्यंत खरी होती, नंतर नाही. तारखेशिवाय टाकलीत तर आज खोटी, खोडलीत तर जुन्या नोंदी पोरक्या. नातं गोलात घाला, त्याला "पासून" आणि "पर्यंत" जोडा.

सगळ्याच रेषांचे गोल करू नका मात्र. ज्यांना तिसरी माहिती आहे त्यांचेच.

टप्पा ७: तर्क आधी बोटानं, मग प्रोग्रामनं

चार्टवर बोट ठेवा. प्रश्न: बीडीएन ७११ला रायझोबियम लावावं का?

बोट बीडीएन ७११वर. इथं लिहिलंय का? नाही. "प्रकार" रेषेनं वर, तूर. इथं? नाही. वर, शेंगवर्गीय पीक. इथं लिहिलंय: लावा. थांबा, उत्तर द्या, आणि आलेला रस्ता वहीत लिहा. प्रोग्रामनंही हेच करायचं: आपल्या गोलापासून सुरुवात, एकेक पायरी वर, पहिलं उत्तर सापडलं की थांब, रस्ता छाप. भेट दिलेल्या गोलांची यादी ठेवा, नाहीतर चुकून वर्तुळ झालं असेल तिथं प्रोग्राम फिरत राहील.

"पायऱ्या मोजून जवळचं उत्तर घ्या" या नियमात एक खड्डा आहे. समजा, तुम्ही वरची काढणीची नोंद अजून उतरवलेली नाही आणि कुणीतरी उत्साहानं बीडीएन ७११पासून थेट खरीप पिकाला "प्रकार" रेष जोडली. खोटी नाही ती, फक्त जादा आहे. पण आता तूरही एक पायरी, खरीप पीकही एक पायरी. काढणी डिसेंबर-जानेवारी की दसरा-दिवाळी? शीटमध्ये जी ओळ वर असेल ते उत्तर येतं. ओळी क्रमानं लावल्या की उत्तर बदलतं, आणि पोरं रात्रभर प्रोग्राममध्ये चूक शोधतात. इलाज: तूर स्वतः खरीप पिकाखाली आहे, म्हणून तिचं म्हणणं आधी. पायऱ्या मोजू नका, कोण कुणाच्या खाली आहे ते बघा. आणि शॉर्टकट रेषा शोधून खोडा.

दुसऱ्या तऱ्हेचा प्रश्न: तूर आणि हरभरा यांना काय जोडतं? इथं दोन बोटं लागतात. दोन्ही गोलांपासून एकाच वेळी एकेक रेष पुढं जायचं आणि बोटं कुठं भेटतात ते बघायचं. ती हेलिकोव्हर्पावर भेटतात, कामाची भेट. ती "शेंगवर्गीय" इथंही भेटतात, तीही ठीक. पण "पीक" इथं झालेली भेट फेकून द्या. शिडीच्या माथ्यावर सगळेच भेटतात.

टप्पा ८: तपासणी, खोट्या प्रश्नांनी

पहिल्या पानावरचे प्रश्न घाला आणि उत्तराइतकाच रस्ता तपासा. चुकीच्या रस्त्यानं आलेलं बरोबर उत्तर हे न सापडलेलं चुकीचं उत्तर असतं.

मग पाच असे प्रश्न घाला ज्यांचं उत्तर जाळ्यात नाही. "हळदीवर कोणती कीड येते?" हळद जाळ्यात घेतलीच नाही. प्रोग्राम "एकही नाही" म्हणाला तर वसमतचा हळद उत्पादक हसेल. रेष नसणं म्हणजे "नाही" की "नोंद नाही", हे आधी ठरवा आणि तसंच छापा. मी नेहमी "जाळ्यात नोंद नाही" असंच छापायला लावतो. खात्रीचा नकार हवा असेल तिथं "येत नाही" अशी वेगळी रेष घालायची.

शेवटी एक ओळ मुद्दाम बिघडवा. हिरव्या आणि गुलाबी बोंडअळीचे गोल पुन्हा एक करा आणि सगळे प्रश्न परत चालवा. एकही उत्तर बदललं नाही, तर तुमचे प्रश्न कच्चे आहेत. टप्पा एकवर जा.